चक्कीवरचा नंबर

आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी होते. फवारणीच्या औषधावर काय लिहिलंय, बियाण्याच्या पाकिटावर कुठली तारीख आहे, बँकेच्या कागदावर सही कुठं करायची, सगळं माझ्यापुढं यायचं. मी हात पदराला पुसायची, कागद जरा लांब धरायची आणि वाचण्याआधी थोडा वेळ गप्प राहायची. खरी मजा त्या गप्प राहण्यात होती. तेवढा वेळ घरातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत असायची. सासरे होते तोवर आल्यागेल्याला सांगायचे, "आमची मोठी सून इंग्रजीवाली हाये." चौदा वर्षं मी ही पदवी मिरवली. ती माझ्याकडून कोणी काढून घेईल असं कधी वाटलं नव्हतं.

माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. शाळेत सरांनी काळांचा तक्ता घोकून घेतला होता, बारा काळ आणि प्रत्येकाची रचना. अजूनही झोपेतून उठवलं तर म्हणून दाखवीन. पण इंग्रजी बोलणारा माणूस मी समोर कधी पाहिला नव्हता. सरसुद्धा तो तक्ता मराठीतूनच समजावून सांगायचे. माझं इंग्रजी कागदावर होतं आणि कागद मुका असतो, हे कळायला धाकटी जाऊ घरात यावी लागली.

धाकटी धाड गावाकडची. आमचं शेत उंद्रीजवळ, म्हणजे अंतर काही फार नाही, पण ती 'मला' म्हणते आणि आम्ही 'मले'. सासूबाई सुरुवातीला हसायच्या, म्हणायच्या, हे पोरगी तर मराठवाड्याची बोलते. दहावीला ती इंग्रजीत एकदा नापास झाली होती. लग्न जमतानाच हे आम्हाला कळलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आमची भाजीपाल्याची शेती. सकाळी मिरची तोडायची आणि दुपारी शेडमध्ये बसून निवडायची. धाकटी निवडायला बसली की तिच्या डोक्यावरच्या रुमालाखालून एक वायर निघून कमरेच्या मोबाईलपर्यंत गेलेली असायची. मला वाटायचं गाणी ऐकते. एक दिवस उठताना ती वायर कॅरेटमध्ये अडकली, मोबाईलमधून निसटली आणि सगळ्या शेडमध्ये इंग्रजी सांडलं. एक बाई आणि एक दुकानदार बोलत होते. बाईनं इस्त्री घेतली होती, ती तापत नव्हती, बाईला ती परत करायची होती. दुकानदार म्हणाला, सॉरी मॅडम.

मी हसले. म्हटलं, "सॉरी म्हननारा दुकानदार कुठी राह्यते व? आपल्या खामगावात तर पाटीच लावेल राह्यते, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही म्हनून."

"म्हणून तर ऐकते ताई," ती म्हणाली. "नुसती पाटी लावून भागत नाही म्हणे. माल खराब निघाला तर त्याला दाद द्यावीच लागते."

तो इंग्रजी शिकवणारा पाठ होता. बाजारहाट, बिल, तक्रार, ग्राहकाचा हक्क, असलेच संवाद. धाकटीची ऐकायची रीत वेगळी होती. एकच संवाद ती दोनदा ऐकायची. पहिल्यांदा नुसतं काय झालं ते. दुसऱ्यांदा फक्त व्याकरण. झालेल्या गोष्टीचं क्रियापद कानावर पडलं, बाईनं घेतली, बाईनं लावून पाहिली, की धाकटी एक मिरची ढिगातून उचलून बाजूला ठेवायची. पाठ संपला की त्या मिरच्या मोजायच्या. "अकरा," ती स्वतःशीच म्हणायची. मग पाठातली बाई उत्तर सांगायची, तेही अकराच. मिरच्या पुन्हा ढिगात जायच्या.

काळ माझे होते. बारा काळ पाठ असलेली मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक दहावी नापास बाई भूतकाळाच्या मिरच्या मोजत होती. नाकाला मिरची झोंबली म्हणतात, ते मी अगदी शब्दशः भोगलंय.

मग मीही सुरू केलं, चोरून. ती पाण्याची मोटर बघायला गेली की मी गोठ्यामागं जाऊन माझ्या मोबाईलवर तोच पाठ लावायची. हातात मूठभर मिरच्या घ्यायची. इस्त्रीवाली बाई बोलायला लागायची आणि मी पहिलं वाक्य धरून त्याची रचना तपासेपर्यंत ती चार वाक्यं पुढं गेलेली असायची. माझ्या मिरच्या झाल्या चार. दुसऱ्या खेपेला सहा, त्यातल्या दोन चुकीच्या. ही माणसं उगाच घाईनं बोलतात असं म्हणून मी मोबाईल बंद केला. त्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं केलेली भाजी चांगली झाली होती. मी मीठ जास्त पडलंय म्हटलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर घरगुती पिठाची चक्की घ्यायचं ठरलं. सासूबाईंची जुनी हौस होती. खामगावला मिरची उतरवून रिकामा झालेला टेम्पो घेऊन आम्ही दुकानात गेलो. हे, दीर, आम्ही दोघी जावा आणि सासूबाई. मला मुद्दाम नेलं होतं, चक्कीबरोबरचं पुस्तक वाचायला. मी ते पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं आणि गप्प राहिले. पण या वेळी माझ्या तोंडाकडं कोणी बघत नव्हतं. सगळे धाकटीकडं बघत होते, कारण दुकानदारानं दिलेली चिठ्ठी तिनं परत त्याच्या टेबलावर ठेवली होती.

"दादा, हे तर एस्टिमेट आहे. पक्कं बिल द्या. त्याच्यावर मशीनचा नंबर टाका आणि वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारा."

"पक्कं बिल घेऊन काय करता बाई? मी बसेल हाओ ना येथं."

"तुम्ही तर बसेलच असाल. पण कंपनी मला कागद मागेल, तुम्हाला नाही."

दुकानदार हसला आणि त्यानं पक्कं बिल काढलं. येताना टेम्पोत हे म्हणाले, "धाकटी हुशार हाये बरं." एवढंच. पण त्या एका वाक्यानं मी घरापर्यंत धुमसत राहिले. चौदा वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी हुशार आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून कोणी म्हणत नसेल, अशी मी माझी समजूत घातली. ती टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडं दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. विळा, फवारणीचा पंप, टेम्पो, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. नव्या वस्तूला तर पूजा झाल्याशिवाय बटन लावत नाहीत. समोर स्वस्तिक काढायचं आणि बाजूला तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं उमटवायची. पूजा मोठ्या सुनेनं करायची. हा एक मान तरी मिरच्या मोजून मिळत नव्हता.

चक्कीच्या डाव्या अंगाला, बटनाच्या खाली, एक पांढरा कागद चिकटवलेला होता. त्यावर बारीक अक्षरात मशीनचा नंबर होता. मी ताट घेऊन वाकले तशी धाकटी मागून म्हणाली, "ताई, तेवढा कागद सोडून लावा. नंबर आहे त्याच्यावर. बिघडली तर पहिला तोच विचारतात."

"सनाच्या दिवशी बिघडाचं नाव कायले काढतं व?" मी म्हटलं.

सासूबाईंनाही ते पटलं. "हाव, बरोबर बोलली मोठी. आज असं बोलू नाही."

धाकटी बरं म्हणाली. मग तिनं मोबाईल काढला. "थांबा ताई, एक फोटो काढून घेते." मी ताट धरून थांबले. मला वाटलं, आता माहेरी फोटो पाठवील, आमच्या घरी चक्की आली म्हणून. तिच्या आईला, तिच्या बहिणींना. तेही डोळ्यांत खुपलं. माझ्या माहेरी फोटो बघून आनंदून जाणारं आता कोणी उरलं नाही.

तिचा फोटो काढून झाला. मी पाची बोटं तेलकुंकवात बुडवली आणि बरोबर त्या कागदावर दाबली. कागदाच्या वर जागा होती, खालीही होती. चुकून लागलं असं मी पुढं सहा महिने स्वतःला सांगत आले. चुकून लागलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत मी ओल्या फडक्यानं ते कुंकू पुसलं, तेव्हा त्याच्याबरोबर छापलेली अक्षरंही फडक्याला आली. ते फडकं मी लगेच धुऊन टाकलं.

चक्की छान चालायची. ज्वारी, गहू, बेसन, सगळं घरच्या घरी. मी त्या बाजूला फारसं बघत नसे.

उन्हाळ्यात पापडांचा घाट घातला होता. उडदाची डाळ दळायला टाकली, चक्की थोडा वेळ चालली, मग घूं घूं करत थांबली आणि जळाल्याचा वास आला. दुकानात फोन केला तर दुकानदार म्हणाला, आता माझ्याकडं काही नाही, कंपनीले फोन लावा. यांनी कंपनीचा फोन लावला, हिंदीचं बटन दाबलं आणि मोबाईल ओट्यावर ठेवला. त्यात गाणं वाजत राहिलं. चहा करून, पिऊन, कपबशा विसळून झाल्या तरी गाणं चालूच.

"इंग्रजीचं बटन दाबून पाहू का दादा?" धाकटी म्हणाली. "तिकडं गर्दी कमी असते."

यांनी मोबाईल तिच्याकडं सरकवला. माझ्याकडं नाही. मी तिथंच, चुलीशेजारी उभी होते.

इंग्रजीच्या रांगेत खरंच कोणी नव्हतं. दुसऱ्याच मिनिटाला एक बाई बोलायला लागली आणि धाकटी तिच्याशी बोलायला लागली. हळूहळू, थांबत थांबत, पण बोलत होती. घरातले सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. मी ती नजर ओळखते. ती माझी होती.

मी ऐकत होते, पण काय ऐकत होते ते सांगते. चक्कीचं काय होईल हे नव्हते ऐकत. तिची चूक ऐकत होते. एकेक वाक्य तक्त्याला लावून बघत होते. चक्की घेतली, बरोबर. डाळ टाकली, बरोबर. मोटर बंद पडली, इथं तिनं काळ चुकवला. मला एकदम हलकं वाटलं. पण पलीकडच्या बाईला त्याचं काहीच नव्हतं. तिला मोटर बंद पडल्याचं कळलं होतं आणि ती पुढचं विचारत होती.

पुढचं होतं, मशीनचा नंबर सांगा. हे मात्र मला घरात सगळ्यांच्या आधी कळलं. एरवी मी ते मोठ्यानं सांगितलं असतं. त्या वेळी मी चुलीवरचं झाकण उगाच उचलून पुन्हा ठेवलं.

बिलावर दुकानदारानं नंबर टाकला होता, पण त्याच्या अक्षरात शेवटचे आकडे कशाचा पायपोस कशात नाही असे. दिरानं चक्की उजेडाकडं वळवली. पांढऱ्या कागदाचा लालसर डाग झाला होता. त्यात दोन आकडे धड दिसत होते.

"हे येथं कोनं फासलं?" सासूबाई म्हणाल्या.

पूजा कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला बोलावंच लागलं. "पूजेत लागलं असंन. मले काय मालूम तेथं नंबर राह्यते म्हनून?"

हे मी धाकटीच्या समोर म्हटलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला सोयीचं झालं असतं. मग ती फोनवरच्या बाईला एक मिनिट थांबा म्हणाली, मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं आणि नंबर वाचायला लागली. एकेक आकडा, सावकाश, शेवटपर्यंत.

दसऱ्याच्या दिवशीचा तो फोटो होता. चक्कीचा नव्हता. नुसत्या त्या पांढऱ्या कागदाचा होता. वरच्या कोपऱ्यात पूजेचं ताट आणि माझा हात आला होता, बांगड्यांसकट. बोटं अजून कोरडी होती.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "फोटो काढून ठेवला ते बरं झालं. तुले कसं सुचलं?"

सहा महिन्यांपूर्वी तिनं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, एवढं म्हणायला तिला इंग्रजीसुद्धा लागणार नव्हतं.

"मला कुठं सुचतंय दादा," ती म्हणाली. "ताईच म्हटल्या होत्या, नंबरचा फोटो काढून ठेव, कामी येतो."

"मोठी ते मोठीच," सासूबाई म्हणाल्या. "शिकेल हाये ते."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी पदर नीट केला आणि गप्प राहिले, कागद वाचण्याआधी राहायची तशी.

त्या दिवसापासून मला तिच्या इंग्रजीचा हेवा वाटेनासा झाला. त्याहून वाईट गोष्टीचा वाटायला लागला. तिच्या जागी मी असते तर सोडलं नसतं. चारचौघांत पदर धरून विचारलं असतं. असं सहज देऊन टाकता येणं, आणि तेही मला, हे तिला कुठल्या पाठातून आलं? पुढं मी गोठ्यामागं बसून सगळे पाठ ऐकले, त्यात ते नव्हतं. तिचे आभार मानायचे मनात यायचे आणि प्रत्येक वेळी जळफळाट आधी पोचायचा.

आठवडाभरात कंपनीचा माणूस आला. त्यानं जुनी चक्की उघडून बघितली आणि नवीच देऊन टाकली. जुनी उचलताना त्याला तो लालसर डाग दिसला. "इकडं सगळीकडं हेच आहे ताई," तो हसत म्हणाला. "नेमकी नंबरावरच पूजा करतात. बिचाऱ्यांना माहीतच नसतं." मी हसले नाही. गावोगावच्या त्या बायकांचा मला हेवा वाटला. त्यांना खरंच माहीत नसतं.

नवी चक्की जुन्या जागी बसली. मुहूर्त वगैरे काही नव्हता, पण पूजेशिवाय बटन कसं लावणार. मी स्वयंपाकघरात रेंगाळले. म्हटलं, या वेळी करू दे तिला. तर तीच ताट घेऊन आली. हळद होती, तेलात कालवलेलं कुंकू होतं. ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "करा ताई. मोठ्या तुम्ही."

मी वाकले. समोर स्वस्तिक काढलं. मग डाव्या अंगाला गेले. बटनाच्या खाली तो पांढरा कागद होता, आणि त्याच्यावर चारी बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती. कुठं सुरकुती नव्हती, कोपरा उचललेला नव्हता. मागं सासूबाई उभ्या होत्या, त्यांना ती दिसलीही नसेल. ती माझ्यासाठी लावलेली होती.

मी बोटं कुंकवात बुडवली आणि वरच्या झाकणावर उमटवली, कागदापासून हातभर लांब.

"फोटो काढला का व?" मी मान वर न करता विचारलं.

"काढला ताई," ती म्हणाली. "सकाळीच."